तिसरी घंटा दुरुस्तीला

पहिल्यांदा मी ते मधेच बंद केलं.
स्कूटरवर, रबाळेच्या सिग्नलला, एकाच कानात,
आणि त्या कानात अचानक
नाटकाची घंटा. एक. मग दुसरी.
मग कुणीतरी घसा खाकरून म्हणालं,
"तिसरी घंटा दुरुस्तीला दिली आहे,
रसिकांनी समजून घ्यावं."
मी समजून घेतलं नाही.

बँडचं नाव 'पडदा अडकलाय'.
पहिलाच अल्बम, 'तीन अंकी पाणीकपात'.
पाठवला प्रणोती मढवीनं. रंगाच्या कारखान्यात
माझ्या शेजारच्या टेबलावर ती छटा जुळवते.
तिचा भाऊ त्यात क्लॅरिनेट वाजवतो,
एरवी घणसोलीत हळदीच्या ब्रास बँडमध्ये.
"कसं वाटलं?"
"वेगळं आहे," मी म्हणालो,
दुसऱ्याच्या घरच्या आमटीला म्हणतो तसं.

खरं तर रागच आला होता.
एक बाई चार मिनिटं हंड्याशी भांडते.
हंडा उत्तर देतो, खर्जात.
टाकीवरचा वॉचमन जडतो व्हॉल्व्हवर,
आणि कोरस म्हणजे सोसायटीची सर्वसाधारण सभा,
बेसूर, पण एकमताने
त्याचं प्रेम नामंजूर करते.
गाणाऱ्यांचे हातवारे मला नुसते ऐकूनच दिसत होते.
कुठेतरी एक स्टूलही पडतं.
मुद्दाम पाडलेलं, कळतं ते.

आमच्याकडे पांढऱ्याच्या छत्तीस छटा आहेत.
कधी एखादा नमुना कशाशीच जुळत नाही.
तो आम्ही लगेच फेकत नाही, खिडकीत ठेवतो.
सकाळी तो पिवळट, दुपारी आजारी,
संध्याकाळी त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.
तिसऱ्या दिवशी प्रणोतीच म्हणते,
ह्याला काहीतरी नाव द्यायला पाहिजे.

दुसऱ्यांदा ऐकलं ते चुकून.
रात्रपाळी होती, हात रंगाने भरलेले,
फोन आपला पुढे पुढे वाजत गेला.
सभा ओरडून ओरडून थकली,
खुर्च्या सरकल्या, चपला गेल्या जिन्यावरून,
आणि वॉचमन व्हॉल्व्हला एवढंच म्हणाला,
"आज पाच मिनिटं जास्त सोडतो. बोलू नको कुणाला."
मग क्लॅरिनेट.
वरात संपून मंडळी घरी गेल्यावर
एक पोरगा अंगणात वायरी गुंडाळत बसतो,
तसं, कुणासाठीच नाही.
मी डबा हलवायचा थांबलो.
रंग खाली बसला.
पुन्हा ढवळावा लागला सगळा.

नंतर गोष्टी हाताबाहेर गेल्या.
साहेबांनी रिपोर्ट मागितला तेव्हा मी म्हणालो,
रसिकांनी समजून घ्यावं.
कोपरखैरण्याच्या आमच्या खऱ्याखुऱ्या सभेत
सेक्रेटरी भालेकर उठून म्हणाले,
"मंगळवारी पाणी येणार नाही,"
आणि मी एकटाच हसलो, मोठ्याने.
शलाकाने कोपर मारलं. दुखलं.

घणसोलीच्या समाजमंदिरात प्रयोग झाला, फुकट.
चाळीस खुर्च्या, त्यात निम्मे तांडेल आणि मढवी.
गाणारी मुलगी न्हाणीघराचा पडदा नेसून आली,
हंडा आगरी बोलला, पुढची रांग सुखावली.
आणि शेवटी पडदा खरंच अडकला.
नाटकातला की खरा, कुणालाच कळेना,
त्यांनाही नाही.
प्रणोतीच्या दोन आत्या स्टेजवर चढल्या,
पदर खोचून दोरी ओढू लागल्या,
आणि क्लॅरिनेटवाला, काय करणार,
वाजवत राहिला.

दुसरा अंक मला अजून आवडत नाही.
तो टँकरचा स्वप्नप्रवेश मी पुढे ढकलतो.
प्रणोतीला सांगितलं तसं. ती म्हणाली,
भावालाही नाही आवडत.

पण सकाळी रबाळेच्या सिग्नलला
मी सुरुवातीपासून लावतो.
पहिली घंटा. दुसरी.
मग मी थांबतो, हेल्मेटच्या आत,
न येणाऱ्या तिसरीसाठी.
मागचा टेम्पो हॉर्न देतो.
बरोबर जागी नाही,
जरा लवकरच.